आंधळ्या तिसोनचं घर

समुद्रावरून घर जाताना मी आयुष्यात अकरा वेळा पाहिलं. त्यातल्या दहा वेळांचं मला फक्त जेवण आठवतं. अकराव्या वेळी पानात काय होतं ते मला आजही सांगता यायचं नाही. यावरून काय ते समजा.

त्या वेळी चौदा बैलजोड्या होत्या. पुढे लोकांच्या तोंडी त्या वीस झाल्या. बावीस म्हणणाराही एक जण मी ऐकला आहे, आणि तो मीच होतो. पण आज चौदाच धरा. या गोष्टीत मला पदरचं काही घालावं लागत नाही. असं माझ्या हातून फार क्वचित घडतं.

घर दोन्या एरुंदिनाचं, म्हणजे एरुंदिनाबाईंचं. पिल्केमो बेटाच्या पूर्वेकडच्या कड्यावर, लाकडी खवल्यांनी मढवलेलं, पावसानं रुपेरी झालेलं दोन खोल्या आणि माळ्याचं घर. नवऱ्याला समुद्रानं नेलं होतं. आता समुद्र कडा न्यायला लागला होता. दर हिवाळ्यात दोन-तीन हात जमीन खाली जायची. आधी कोंबड्यांचं खुराडं गेलं, मग सफरचंदाचं झाड. त्या झाडाला खालच्या वाळूत पुढची दोन वर्षं सफरचंदं येत होती, असं मी सांगत असतो, पण ते सोडा. शेवटच्या हिवाळ्यानंतर दारापासून कड्यापर्यंत अकरा पावलं उरली होती.

एकुलती एक मुलगी ओतिलिया लग्न होऊन खाडीपलीकडच्या चोल्वे बेटावर नांदत होती. ती दर रविवारी निरोप पाठवायची, "आई, ते घर सोड आणि माझ्याकडे राहायला ये." आणि दर रविवारी आई निरोप द्यायची, "तिसोनचं काय?"

तिसोन तिचा कुत्रा. तिसोन म्हणजे जळकं लाकूड. अगदी तसाच काळा होता, शेपटीचं टोक तेवढं राखेच्या रंगाचं. वय चौदा. शेवटची तीन वर्षं दोन्ही डोळ्यांनी आंधळा. बुबुळं उकडलेल्या माशासारखी पांढरी. पण घरात त्याला पाहून कुणी आंधळा म्हटलं नसतं. लोखंडी चुलीखालून उठायचा, टेबलाच्या पायाला वळसा घालायचा, लाकडाच्या पेटीवर झोपलेल्या सेन्योरिता नावाच्या मांजरीला हुंगायचा, तिची एक चापट खायचा आणि उंबरा ओलांडून बाहेर. कशाला धक्का म्हणून लागायचा नाही, एवढं त्याचं ते घर पाठ. एकदा बाईनं खुर्ची वीतभर सरकवली होती. तिसोन तिथे येऊन थांबला आणि तिनं ती परत जागेवर ठेवेपर्यंत हलला नाही.

पोरीच्या आग्रहाला मान देऊन बाईनं एकदा करून पाहिलं. रोसामेल बार्रीयाच्या लाँचमधून तिसोनला घेऊन ती ओतिलियाकडे तीन दिवस राहिली. कुत्रा पहिल्या तासात चार ठिकाणी आपटला. मग एका भिंतीसमोर जाऊन बसला, नाक भिंतीला टेकवून. ना खाणं, ना पिणं. नातू शेपटी ओढायचा तरी वळायचा नाही. तीन दिवस, तीन रात्री, नाक त्या भिंतीला.

परत आणायला गेलेल्या रोसामेलनं ते पाहिलं. रोसामेल म्हणजे त्याच्या इंजिनापेक्षा त्याचं तोंड जास्त चालणारा माणूस, पण दिशेच्या बाबतीत पक्का. तो बाहेर गेला, भिंतीच्या मागे उभा राहिला, हात लांब करून पाहिलं आणि आत येऊन म्हणाला, "दोन्या एरुंदिना, हा भिंतीकडे नाही बघत. भिंतीपलीकडे सरळ रेषेत पिल्केमो आहे. सुतळी धरली तर तुमच्या अंगणात जाईल."

बाईनं कुत्र्याला उचललं आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला रुमाल बांधून मिंगा, म्हणजे सगळ्या बेटाचे हात, मागायला निघाली.

मिंगा मागायची आमच्याकडे एक रीत आहे. लोकांच्या दारी जायचं. बसायचं. माते नावाच्या कडू चहाचा भोपळा हातात फिरू द्यायचा. बटाट्यांना कीड लागली का, मेंढ्यांना जुळी झाली का, सगळं विचारून व्हायचं. आणि निघताना, दारात उभं राहून, सहज आठवल्यासारखं म्हणायचं, की मला माझं घर न्यायचंय. मग समोरच्यानं हो म्हणायचं नसतं. त्यानं विचारायचं, "कोणत्या भरतीला?" तोच होकार. नाही म्हणायची रीतच नाही. आज तुझं घर, उद्या माझं. मजुरी कुणी मागत नाही, कुणी देत नाही. यजमानानं फक्त सगळ्यांना पोट फुटेस्तोवर खाऊ घालायचं आणि चिचेचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, घडा फिरता ठेवायचा.

ती माझ्या दारात आली तेव्हा रोसामेल माझ्याकडेच बसला होता. "घर न्यायचंय चोल्वेला," ती म्हणाली. "ओतिलियाच्या शेजारची जागा आहे. तिसोनला नवीन घर सोसत नाही. म्हणून जुनंच न्यायचं."

"कुत्र्यासाठी मिंगा!" रोसामेल गुडघ्यावर थाप मारून म्हणाला. "माझ्या बायकोनं माझ्यासाठी साधा खाटेचा मोडका पाय बदलला नाही!"

"तू तिच्याकडे कधी तीन दिवस नाक लावून बसलास का?" बाई म्हणाली.

मी हसलो. रोसामेलही हसला, पण मग जरा गंभीर झाला. "खरं सांगू? तुम्हाला वाटतं त्याला घर हवंय. त्याला जमीन हवी आहे. चौदा वर्षं ज्या मातीवर पाय वर केला ती माती. घर उचलून तिकडे नेलंत ना, तर तो त्याच घरात, त्याच चुलीपाशी, पिल्केमोकडे तोंड करून बसेल. आणि तसाच मरेल. सगळ्या बेटाचे बैल दमवून तुम्हाला काय मिळणार?"

बाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मला वाटतं, ती रात्रंदिवस याच एका गोष्टीला भीत होती, आणि त्यानं ती तिच्याच पुढ्यात आणून ठेवली होती. "त्याला घर हवंय," ती हळूच म्हणाली. "मला माहीत आहे."

"कसं माहीत?"

"नाही माहीत," ती म्हणाली. "पण अकरा पावलं उरलीत."

मी विचारलं, "कोणत्या भरतीला?"

मिंगाचा मुकादम बेलार्मिनो चिग्वाय. बुटका, रुंद, मोजून बोलणारा. त्याच्या थोरल्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी एरुंदिनानं हातावर घेतलं होतं, म्हणून ती दोघं एकमेकांना कोंपाद्रे आणि कोमाद्रे म्हणत. पण कामाच्या वेळी बेलार्मिनो सख्ख्या आईलाही ओळखत नसे.

"सामान बाहेर. दारं-खिडक्या काढलेल्या. चूल विझलेली," त्यानं घराभोवती फिरत हुकूम सोडले. "आणि चार पायांचं काही आत नको."

"चूल बाहेर काढायची?"

"चूल राहू दे. मधोमध आहे, वजन सारखं बसेल. पण विझलेली, कोमाद्रे."

"आणि तिसोन?"

"लाँचवर. तुझ्यापाशी."

"कोंपाद्रे, घर त्याच्यासाठी चाललंय आणि त्यालाच आत जागा नाही?"

"मागे एका मिंगात डुक्कर आत राहिलं होतं. खाडीच्या मध्यावर ते या भिंतीकडून त्या भिंतीकडे पळायला लागलं. घर कलंडलं. डुक्कर पोहत किनाऱ्याला आलं. घर आलं नाही."

मी त्या मिंगात होतो. डुक्कर नव्हतं, मेंढी होती. पण बेलार्मिनोला मध्येच दुरुस्त करणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

ठरल्या दिवशी पहाटेपासून बैल यायला लागले. घर आधीच खांबांवरून उचलून दोन लांब ओंडक्यांवर बसवलं होतं, आतून आडव्या-उभ्या तुळया ठोकल्या होत्या. चौदा जोड्या साखळ्यांना जुंपल्या. बेलार्मिनोनं टोपी वर केली, आणि शंभर माणसांच्या गळ्यातून एकच आरोळी उठली.

आधी काहीच होत नाही. बैलांच्या माना खाली जातात, खूर चिखलात रुततात, साखळ्या तारेसारख्या ताणतात आणि घर आपलं ढिम्म. मग त्याच्या पोटातून एक लांब सुस्कारा येतो. मी तो अकरा वेळा ऐकला आहे आणि अकराही वेळा माझ्या अंगावर काटा आला आहे. ज्या घरात माणसं जन्मली आणि मेली, ते घर नव्या वासरासारखं लटपटतं आणि चार पावलं पुढे येतं. म्हाताऱ्या बाया छातीवर क्रूस काढतात. बाप्ये ओरडतात, कारण ओरडलं नाही तर रडू येईल.

एरुंदिना बाजूला उभी होती. तिसोनची दोरी तिनं कमरेला बांधली होती. घर उतारावरून किनाऱ्याकडे सरकलं तशी त्या आंधळ्या कुत्र्याची मानही सरकली. मी पाहिलं ते. मला वाटलं, बैलांच्या घुंगरांमागे कान चाललेत.

किनाऱ्यावर घराच्या पोटाला रिकामी पिंपं बांधली आणि भरतीची वाट पाहिली. आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. चाळीस वर्षं मी सांगत आलोय की भर खाडीत दोर तुटला. दोर तुटला नव्हता. दोर घराला बांधायचं काम माझ्याकडे होतं. मी गाठ मारत असताना चिचेचा घडा माझ्यापर्यंत आला. मिंगात घडा नाकारणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. मी एका हातानं घडा घेतला आणि दुसऱ्या हातानं गाठ मारली. चिचा चांगली होती.

भरतीनं घर उचललं. अगदी हलकं, आई बाळाला झोळीतून उचलते तसं. रोसामेलची लाँच पुढे, मागे लांब दोर, आणि दोराच्या टोकाला घर. लाँचवर रोसामेल, बेलार्मिनो, मी, आणखी चार जण, एरुंदिना, तिसोन, सात कोंबड्यांची एक टोपली आणि सेन्योरिताची एक. मांजरीच्या टोपलीवर बाईनं कापड घट्ट बांधलं होतं. थोड्या वेळानं त्या टोपलीतून कोंबडीचा आवाज आला.

बेलार्मिनोनं टोपलीकडे पाहिलं. मग बाईकडे. "कोमाद्रे, मांजर कुठाय?"

"मांजर काय कुणाचं ऐकतं, कोंपाद्रे? ती घराची आहे. घराबरोबर येतेय."

तो काही बोलणार, एवढ्यात धुकं आलं.

आमच्या खाडीतलं धुकं दुरून येताना दिसत नाही. ते असतंच, फक्त तुमच्यापासून लपलेलं असतं. एका श्वासात चोल्वे गेलं, दुसऱ्यात पिल्केमो, तिसऱ्यात मागचं घर. उरला फक्त पाण्यात शिरणारा दोर. आणि मग तो दोरही सैल पडला. इंजिनाचा आवाज बदलला. ओझं वाहणारा बैल एकदम मोकळा सुटावा तशी लाँच पुढे उसळली.

रोसामेलनं लाँच फिरवली. आम्ही हाका मारल्या. रिकाम्या घराला हाका मारणारी शहाणी माणसं बघायची असतील तर ती आम्ही. काठ्यांनी पाणी चाचपलं, शिट्ट्या मारल्या. पांढऱ्याशिवाय काही नाही. शेवटी मधल्या वाळूच्या पट्टीवर पाणी उथळ लागलं तसा बेलार्मिनोनं नांगर टाकायला सांगितला आणि इंजिन बंद करवलं. सगळे ऐकत राहिले. पाण्याचा आवाज बदलला होता. आमच्या लाँचच्या कडेनं ते दक्षिणेकडे घसरायला लागलं होतं.

ओहोटी. खाडीतली ओहोटी दक्षिणेला जाते, आणि दक्षिणेच्या मुखापलीकडे मोकळा समुद्र आहे. तिथे गेलेलं घर खवला-खवला होऊन परत येतं.

बेलार्मिनोनं आपल्या लाकडी डबीतलं होकायंत्र काढून मांडीवर ठेवलं. "यानं चोल्वे सापडेल," तो म्हणाला. "घर नाही सापडणार. माणसं किनाऱ्याला पोचवतो, कोमाद्रे. मला माफ कर."

एरुंदिना उठली. कमरेची दोरी सोडली. "तिसोनला पुढे जाऊ द्या."

"दोन्या एरुंदिना," रोसामेल म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, "तो पिल्केमो दाखवेल. मी पाहिलंय ना. तुम्हीही पाहिलंय."

"दाखवू दे."

तिनं त्याला उचलून लाँचच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, दोराच्या वेटोळ्यावर बसवलं. तिसोननं डोकं इकडे तिकडे हलवलं. कान मागे टाकले. आणि मग तसाच झाला जसा ओतिलियाच्या घरी झाला होता. ताठ, नाक पुढे, दगडी.

बेलार्मिनोनं होकायंत्रावर नाकाची दिशा पाहिली. "पश्चिम," तो म्हणाला.

पश्चिमेला पिल्केमो. रोसामेलनं टोपी काढली आणि कपाळ पुसलं. एरुंदिना मटकन बसली. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही, कारण त्या गाठीची वळणं माझ्या बोटांना आठवत होती. घर तर गेलंच होतं. पण आता तिला हेही कळलं होतं की घर पोचलं असतं तरी काही उपयोग नव्हता. कुत्र्याला ती माती हवी होती, जी दर हिवाळ्यात समुद्रात पडत होती.

"नांगर काढा," बेलार्मिनो म्हणाला.

दोघे जण नांगराकडे वळले. दगडाचा नांगर, जड, त्यात वाळूत रुतलेला. ओढायला वेळ लागला. लाँच त्याच जागी थोडी डोलत होती. बेलार्मिनो होकायंत्राची डबी बंद करायला गेला आणि त्याचा हात थांबला.

"थांबा," तो म्हणाला.

"काय झालं?"

"हात लावू नका नांगराला. कुणी हलू नका." तो डबीवर वाकला. कुत्र्याच्या नाकाकडे पाहिलं. परत काट्याकडे. "मघाशी पश्चिम होतं."

"मग?"

"आता नैर्ऋत्य आहे."

"लाँच फिरली असेल," रोसामेल म्हणाला.

"लाँच फिरली तर काटा फिरत नाही, गाढवा. उत्तर उत्तरेलाच राहते."

आम्ही सगळे पाहत राहिलो. सात बाप्ये, एक बाई आणि आठ कोंबड्या, एका आंधळ्या कुत्र्याच्या नाकाकडे. तिसोन ताठ बसला होता. पण त्याची मान, अगदी हळू, घड्याळाचा काटा उलटा फिरावा तशी, सरकत होती. पाहत राहिलं तर दिसायचं नाही. क्षणभर नजर काढून परत पाहिलं की कळायचं. नैर्ऋत्येकडून दक्षिणेकडे.

"म्हातारा झालाय," कुणीतरी कुजबुजलं. "मान ढिली पडली असेल."

बेलार्मिनो उभा राहिला. त्या माणसाला मी चर्चमध्येही असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"बेट चालत नाही," तो म्हणाला. "पिल्केमो जिथे होतं तिथेच आहे, पश्चिमेला." मग पुढचे शब्द त्याला जड गेले, जणू ते तोंडातून काढायलाही बैल लागणार होते. "चाललंय ते घर. ओहोटीबरोबर दक्षिणेला. तो घर दाखवतोय."

एवढं सगळं पांढरं होतं, आणि त्या पांढऱ्यात कुठेतरी एक रिकामं घर वाहत होतं, आणि ते कुठे आहे हे जगात फक्त त्याला माहीत होतं, ज्याला त्या धुक्यानं काही फरकच पडत नव्हता. त्याच्यासाठी तीन वर्षं रोज धुकंच होतं.

रोसामेल हमसून रडायला लागला. पुढे कित्येक वर्षं तो म्हणायचा की इंजिनाचा धूर डोळ्यात गेला होता. इंजिन बंद होतं.

"रडतोस काय, बाबा," एरुंदिना म्हणाली, आणि तिचा स्वतःचा आवाज थरथरत होता. "चाक धर."

नांगर निघाला. रोसामेलनं इंजिन लावलं आणि लाँच कुत्र्याच्या नाकामागे सोडली. नाक डावीकडे गेलं की डावीकडे, उजवीकडे गेलं की उजवीकडे. बेलार्मिनो त्याच्याशेजारी गुडघे टेकून, नुसत्या हाताच्या खुणेनं दिशा सांगत होता. कुणी खोकत नव्हतं. एकदा तिसोननं मान एकदम वळवली, आणि ज्या बाजूला ती वळली तिच्या उलट बाजूला हातभर अंतरावरून एक काळा खडक मागे गेला. तो खडकाला वळसा घालत होता की घर खडकाला वळसा घालून गेलं होतं, कुणास ठाऊक.

मग तिसोनची शेपटी हलली. राखेच्या रंगाचं टोक, एकदा, दोनदा.

आणि धुक्यातून घर आलं.

मी खूप खोटं बोललो आहे आयुष्यात. पुढचं ऐकताना ते विसरा. घर पाण्यावर उभं होतं. सरळ, जराही न कलंडता. दाराच्या चौकटीत पाणी उंबऱ्याला हळूच टेकत होतं आणि परत जात होतं, आत येऊ का विचारल्यासारखं. छपराच्या कण्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाणकावळे बसले होते, पंख अर्धे उघडून, निःशब्द. भिंतीभोवती लहान काळे डॉल्फिन फेऱ्या घालत होते. त्यांच्या श्वासांशिवाय कसलाही आवाज नव्हता. आणि छपरावर, धुराड्याला पाठ टेकून, सेन्योरिता बसली होती, जणू एवढ्या उशिरा येणाऱ्या माणसांशी बोलायचं की नाही याचा विचार करत.

धुराड्यातून धूर निघत होता. बारीक, निळा, सरळ वर.

आम्ही टोप्या काढल्या. कुणी सांगितलं नाही. हात आपोआप गेले.

सगळ्यात आधी बेलार्मिनो बोलला. "कोमाद्रे, चूल विझवायची असं ठरलं होतं."

"विझवली होती."

"मग तो धूर?"

"परत पेटली असेल. जुनी चूल आहे, कोंपाद्रे. तिला सवय आहे."

त्यानं डोळे मिटले. "कोमाद्रे."

"दोन निखारे," ती म्हणाली. "राखेखाली. तो पोचल्यावर चुलीखाली गेला आणि फरशी गार लागली तर? त्याला काय वाटेल?"

रोसामेल नंतर शहाणपणानं म्हणायचा, "हे बघ फिलिदोर, त्याला धुराचा वास आला. बस, एवढंच." असेलही. मी फक्त एवढंच सांगतो, की वारा असा नव्हता, आणि जी काही झुळूक होती ती उत्तरेची होती. घर दक्षिणेला होतं. वास उलटा चालत नाही. पण रोसामेलला आधार लागतो, मी तो काढून घेत नाही.

लाँच भिंतीला लागायच्या आतच तिसोननं उडी मारली. पाण्यात पडला, चार हात मारले, उंबऱ्यावर पाय टेकला आणि आत गेला. दार काढलेलं, त्यामुळे आम्हाला सगळं दिसत होतं. सामान बाहेर काढलेलं, टेबलही नव्हतं. पण टेबलाचा पाय जिथे असायचा तिथे त्यानं वळसा घातला. लाकडाची पेटी जिथे असायची तिथे थांबून रिकाम्या हवेला हुंगलं, आणि एक चापट चुकवल्यासारखी मान मागे घेतली. मग चुलीखाली जाऊन तीन वेळा गोल फिरला आणि झोपला.

नवीन गाठ बेलार्मिनोनं स्वतः मारली. मारताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला माहीत होतं असं मला आजही वाटतं. त्या संध्याकाळी घडा माझ्यापाशी आला तेव्हा त्यानं तो मध्येच हातात घेतला, मला डावलून पुढच्याला दिला, आणि विषय तिथे संपला.

चोल्वेला पोचेपर्यंत पाणी उतरलं होतं. घर चिखलात टेकलं आणि तिथले बैल गुडघाभर गाळात उतरून आम्हाला भेटायला आले. ओतिलिया किनाऱ्यावर उभी होती. आदल्या दोन तासांत ती आईला तीनदा रडून मोकळी झाली होती. "आई," तिनं विचारलं, "तिसोन कुठाय?"

"झोपलाय," एरुंदिना म्हणाली. "घर ओढताना जरा हळू घ्या, त्याची झोप मोडेल."

आणि मी शपथेवर सांगतो, त्या दिवशी घर वर ओढताना एकही माणूस ओरडला नाही. बैलांना नुसतं हातानं थोपटून चालवलं. मिंगात असं कधी झालं नव्हतं आणि पुन्हा झालं नाही.

तिसोन त्या घरात आणखी दोन वर्षं जगला. भिंतीला नाक लावून तो पुन्हा कधी बसला नाही. अंगण नवीन होतं, माती नवीन होती, पहिल्याच दिवशी त्यानं त्या मातीवर पाय वर केला आणि तो प्रश्न निकालात काढला.

पण एक गोष्ट मी ओतिलियाकडून ऐकली, आणि ती मी सहसा सांगत नाही, कारण तिच्यात हसायला काही नाही. नव्या जागी आल्यावर तीन दिवस आई खिडकीशी बसून होती. खाणं नाही, पिणं नाही. ओतिलिया म्हणाली, "मी बाहेर जाऊन हात लांब करून पाहिलं. सरळ पिल्केमो."

"मग?"

"मग काय. चौथ्या दिवशी तिसोन चुलीखालून उठला. टेबलाला वळसा घातला, सेन्योरिताची चापट खाल्ली, आणि खिडकीपाशी जाऊन आईच्या पावलांवर अंग टाकलं. सगळं वजन टाकलं. ती उठूच शकेना. संध्याकाळपर्यंत तसा पडून होता. मग आई म्हणाली, बरं बाबा, बरं, आणि त्याच्यासाठी बटाटे शिजत लावायला उठली."